बर्फावरच्या फांद्या

हेल्यूच्या फोनमधली बाई
इतक्या झरझर बोलते
की मला वाटलं, यंत्र बिघडलं.
"तुझ्यासाठी हळू करू?" हेल्यूनं विचारलं,
लहान मुलाला घास बारीक करून द्यावा, तसं.

हापसालूचं ग्रंथालय, मागची खोली.
फेब्रुवारीतली दुपार, चारलाच विझत आलेली.
दिवा कुणी लावला नव्हता.
तिला गरज नव्हती, आणि मला
मागायची लाज वाटली.

मी घेऊन गेलो होतो माझं सात महिन्यांचं काम:
बेटांवर जाणाऱ्या बोटींची तिकिटं.
निळा रंग असा, की लोक म्हणाले, समुद्रच.
त्या निळ्यावर फिकट, नाजूक अक्षरं.
कंपनीत टाळ्या पडल्या होत्या.

तिनं बोट फिरवलं.
बाई म्हणाली:
बटण.
बटण.
बटण.
चित्र चार चार सात एक अंतिम दोन.
बटण.

"यातलं कोणतं मला बहिणीकडे नेतं?"

नाव ना गाव, चार दारं मी ओळीनं बसवली होती.
हिरवं ते जाण्याचं, लाल ते परतीचं,
बाकीची दोन मलाही आठवेनात.

पुढे गेली. बाई म्हणाली: हसणारी स्त्री.
"का हसतेय?"
माहीत नाही. विकत घेतलेला फोटो आहे.
"मग तिला गप्प बसव. मला बोट गाठायची आहे."

मग ती मार्च महिन्यात शिरली
आणि तिला बाहेर पडता येईना.
एकतीस तारखा, की पुन्हा एक.
तीन वेळा तिनं अख्खा मार्च ओलांडला.
दरम्यान वरच्या कोपऱ्यात, लाल चौकटीत,
वेळ संपल्याची सूचना आली आणि विरली.
मी पाहिली.
बाई एक अक्षर बोलली नाही.

हेल्यूनं फोन पालथा ठेवला.
राई-ब्रेडचा तुकडा मोडला, अर्धा मला दिला.

"समुद्र गोठायचा तेव्हा वडील बर्फावर रस्ता आखायचे.
जुनिपरच्या फांद्या, ठरावीक पावलांवर एकेक, रोवलेल्या.
मला तेव्हा दिसायचं. मी गाडीत बसून मोजायचे.
एकदा मध्यावर हिमवादळ आलं
आणि घोडा, वडील, मी, तिघं सारखेच झालो.
पुढची फांदी हाताला लागेपर्यंत चालायचं,
लागली की त्याच्या पुढची.
मला पानावर शीर्षकं लागतात ती यासाठी.
तू समुद्र छान रंगवला असशील.
फांदी एकही रोवली नाहीस."

त्या रात्री मी स्क्रीन काळा केला,
कानात ती बाई घेतली, हळू केलेली,
आणि बटणांचं बारसं मांडलं.
हेल्टरमाला जा. परतीची तारीख.
एकाचं नाव सुचेना, तेव्हा कळलं
की त्याचं कामच काही नव्हतं. काढून टाकलं.
हसणाऱ्या स्त्रीला गप्प केलं.

सकाळी ऊर्मास म्हणाला,
असे लोक असून असून किती असतील?
आकडा माझ्याकडे नव्हता.
मी त्याचा माउस काढून घेतला, स्क्रीन झाकला,
आणि त्याला जुन्या मार्चमध्ये सोडून
जेवायला गेलो.
बारा मिनिटांनी त्याचा फोन आला.
सुटायचं कसं, एवढंच विचारत होता,
आवाज जरा चढलेला.

काम दीड महिना चाललं. निळा गडद झाला,
टाळ्या पडल्या नाहीत.
मार्च मात्र आता कुणालाही धरून ठेवत नाही.

एप्रिलच्या एका मंगळवारी हेल्यूचा निरोप आला,
बोटीवरून, मागे वारा:
"तिकीट मिळालं. खिडकीजवळचं,
तेही मीच निवडलं, उगाच.
पण इथलं कॉफीचं यंत्र म्हणजे नुसती गुळगुळीत काच आहे.
तीनदा दाबलं, तीनदा गरम पाणी आलं.
याचा बाप कोण आहे, शोध.
त्याला ग्रंथालयात पाठव.
दिवा लावू नकोस म्हणावं."